हात वर केला म्हणून खेळ थांबत नाही

फलंदाजाने हात वर केला की खेळ थांबलाच पाहिजे, असा समज आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या मैदानांवर पक्का बसला आहे. परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुठल्याही टेनिस बॉल स्पर्धेला जा. गोलंदाज निम्मा रनअप संपवून वेगात आलेला असतो आणि फलंदाज एकदम बाजूला होतो. डोळ्यात धूळ गेली म्हणून, पंचाच्या मागून कुणीतरी मोटारसायकल काढली म्हणून, आणि पुष्कळदा फक्त गोलंदाजाची लय मोडायची म्हणून. पंच डेड बॉलची खूण करतो. असे दोन-तीनदा झाले की गोलंदाज चिडतो, पुढचा चेंडू अंगावर टाकतो आणि मग खेळ बाजूला राहून भांडण रंगते.

थांबायची विनंती करणे हा फलंदाजाचा हक्क आहे. ती मान्य करायची की नाही, हे पंचाने ठरवायचे. गोलंदाज निघण्याआधी पंचाने सढळ असावे आणि तो निघाल्यावर कडक. निघाल्यानंतर थांबवायचे ते पंचाला स्वतःला दिसलेल्या कारणासाठीच.

या प्रश्नाचा सगळ्यात सविस्तर विचार बेसबॉलने केला आहे. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ आहेत, त्यामुळे हे आपल्यासाठी परके प्रकरण नाही. बेसबॉलचा नियम सांगतो, की पिचरने चेंडू टाकण्याची हालचाल सुरू केली किंवा तो स्थिर पवित्र्यात आला, की बॅटरच्या विनंतीवरून पंचाने वेळ द्यायची नाही. कारणे कुठली चालणार नाहीत तेही नियमाच्या टिपेत आहे: डोळ्यात धूळ गेली, चष्म्यावर वाफ धरली, प्रशिक्षकाची खूण कळली नाही. बॅटर तरीही चौकटीबाहेर गेला आणि पिचरने चेंडू टाकला, तर पंच तो बॉल की स्ट्राइक एवढेच ठरवतो. आणि बॅटर बाहेर गेला म्हणून पिचर गोंधळून मध्येच थांबला, तर त्याला दोष लागत नाही. चूक दोघांचीही धरून पंच खेळ थांबवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अमेरिकेच्या मेजर लीगने 2023 पासून पिचरसाठी घड्याळ आणले आणि बॅटरला एका पाळीत एकदाच थांबायची मुभा ठेवली. त्या एका मोसमात सामन्याची सरासरी लांबी सुमारे 24 मिनिटांनी कमी झाली. इतका वेळ नुसता हातमोजे आवळण्यात आणि चौकटीबाहेर फिरण्यात जात होता.

क्रिकेटने मात्र पंचाच्या नजरेवर जास्त भरवसा ठेवला आहे. नियम 20 प्रमाणे फलंदाज तयार नसेल, त्याने चेंडू खेळायचा प्रयत्नच केला नसेल आणि तयार नसण्याला पुरेसे कारण होते अशी पंचाची खात्री झाली, तर चेंडू डेड ठरतो. यातली मधली अट आपल्याकडे कुणी सांगतच नाही. बॅट फिरवली, चेंडू हुकला, दांडी उडाली आणि मग ‘मी तयार नव्हतो’ म्हटले, तर ते ऐकायचे कारण नाही. तयार नसल्याची सवलत तिथेच गेली. मुद्दाम वेळ काढणाऱ्या फलंदाजाला नियम 41 आहे: पहिल्यांदा ताकीद, त्यानंतर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला 5 धावा. या 5 धावा देणारा पंच मी आपल्या जिल्ह्यात अजून पाहिलेला नाही. तो दिसावा, असे मला मनापासून वाटते.

धुळीच्या बाबतीत मी क्रिकेटच्या बाजूने आहे. बेसबॉलची टीप जिथे लिहिली गेली तिथली मैदाने हिरवळीची आणि राखलेली. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघालेल्या रानांवरून वारा सुटतो तेव्हा मैदानावर अख्खी वावटळ फिरते. त्या धुळीत सीझन बॉलला सामोऱ्या जाणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराला नियमाचे पुस्तक दाखवायचे नसते. पण ती वावटळ पंचालाही दिसते. म्हणजे फलंदाजाने मागायची गरजच नाही, पंचाने आपण होऊन थांबवावे. एकट्या फलंदाजाला दिसलेली आणि बाकी कुणाला न दिसलेली धूळ मात्र संशयानेच पाहिली पाहिजे.

6 डिसेंबर 2024 ला अ‍ॅडलेडच्या कसोटीत भारताचा गोलंदाज सिराज धावत येत असताना ऑस्ट्रेलियाचा फलंदाज लाबुशेन बाजूला झाला. साइटस्क्रीनजवळून एक प्रेक्षक बिअरच्या पेल्यांची लांबलचक चळत घेऊन चालला होता. सिराजने रागाने चेंडू स्टंपांच्या दिशेने फेकला. सिराजचा राग मला समजतो. एवढे पळून आल्यावर थांबणे शरीराला जड जाते. तरीही तिथे लाबुशेनच बरोबर होता, कारण नजरेच्या रेषेत माणूस हलत होता आणि ते कुणालाही दिसत होते.

आता उलट बाजू. 6 नोव्हेंबर 2023, दिल्ली, विश्वचषकात श्रीलंका विरुद्ध बांगलादेश. फलंदाजीला आलेल्या श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजच्या हेल्मेटचा पट्टा तुटला. त्याने ड्रेसिंग रूमकडे खूण करून दुसरे हेल्मेट मागवले, बांगलादेशच्या शाकिबने अपील केले आणि एकही चेंडू न खेळता मॅथ्यूज ‘टाइम्ड आउट’ झाला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असा बाद होणारा तो पहिला. शाकिबच्या खिलाडूवृत्तीवर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. मला महत्त्वाचे वाटते ते क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीचे नंतरचे स्पष्टीकरण. नव्या फलंदाजाला तयार होण्यासाठी असलेल्या दोन मिनिटांच्या आत मॅथ्यूजने पंचांना अडचण सांगितली असती, तर त्यांना तो वेळ वेगळा धरता आला असता, असा त्याचा आशय होता. त्याने हेल्मेट मागितले, पण वेळ मागितला नाही.

आपल्या पोरांना हेच शिकवलेले नाही. बाजूला व्हायचे कसे हे ती दूरदर्शनवर पाहून शिकतात. पंचाकडे पाहून, कारण सांगून, त्याच्या होकाराची वाट पाहायची, हे कुणी सांगत नाही. यात जिवाचाही धोका आहे. हात वर करून मान फिरवलेल्या मुलाच्या कानशिलाकडे चेंडू सुटलेला असू शकतो. पंचाचा हात वर जाईपर्यंत नजर चेंडूवर आणि बॅट तयार, ही सवय सरावातच लागली पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला बोचते. गावच्या स्पर्धेत वेळ कुणाला मिळतो? आयोजकांच्या संघातल्या नावाजलेल्या फलंदाजाला, पाहिजे तितक्या वेळा. बाहेरगावच्या नवख्या पोराने हात वर केला तर ‘चल रे, खेळ’ असे पंचच म्हणतो. मुलींच्या सामन्यात तर हात वरच होत नाही. हा जिल्हा खो-खोचा. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणणारी आणि 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे इथली. नऊ मिनिटांच्या डावात दमले म्हणून थांबता येत नाही, हे इथल्या मुलींच्या अंगात मुरलेले आहे. तीच मुलगी बॅट घेऊन उभी राहते तेव्हा पॅडचा बंद सुटलेला असतो, डोळ्यातून पाणी येत असते, तरी ती काही बोलत नाही. तिच्याकडे पाहणे हेही पंचाचेच काम आहे. विनंती आली नाही म्हणून थांबवायचे नाही, असे कुठल्याच नियमात लिहिलेले नाही.

तालुका पातळीच्या स्पर्धांआधी जिल्हा क्रीडा कार्यालयाने पंचांची बैठक घ्यावी आणि त्यात हा विषय घ्यावा. नाणेफेकीच्या वेळी पंचाने दोन्ही कर्णधारांना तीन गोष्टी सांगाव्यात. गोलंदाज चालू लागण्याआधी मागा, कारण सांगा आणि माझा हात वर जाईपर्यंत खेळ चालू आहे असे समजा. गोलंदाजालाही सांगावे, की मी थांबवले तर चेंडू हातातच ठेव, फेकू नकोस. बारा-तेरा वर्षांचा गोलंदाज फलंदाज हलला म्हणून मध्येच थबकला, तर त्याच्यावर ओरडू नये, त्याला परत खुणेवर पाठवून चेंडू पुन्हा टाकू द्यावा.