घर बांधावे, पण केव्हा?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. या दोन कामांत माणसाचा पैसा, धीर आणि प्रकृती या तिन्हींचा कस लागतो, हा जुन्या लोकांचा अनुभव. तरीही आपण घराचे काम बहुधा अशाच वेळी काढतो, जेव्हा घरातील माणसे आधीच दुसऱ्या कशाने तरी थकलेली असतात. कोणी खाणीतून किंवा वीज केंद्रातून निवृत्त झालेला असतो. कोणाच्या मुलीचे लग्न ठरलेले असते. कोणाच्या घरचा कर्ता माणूस गेलेला असतो आणि विम्याची रक्कम हाती आलेली असते. रक्कम येते त्याच सुमारास ताणही आलेला असतो. पण हिशेब फक्त रकमेचा होतो. निवड आपल्या हाती असेल तर अशा वर्षी पाया खोदू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मताला शास्त्राचा आधार आहे. थॉमस होम्स व रिचर्ड राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची यादी प्रसिद्ध केली आणि प्रत्येक घटनेला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक म्हणजे १०० गुण आहेत. लग्नासारख्या आनंदाच्या घटनेलाही ५० आहेत. घटना सुखाची असो की दुःखाची, नव्या परिस्थितीशी जुळवून घेताना शरीराची शक्ती खर्च होतेच, हे या यादीचे सार होय. वर्षभरातील बेरीज १५० च्या आत असेल तर धोका कमी, १५० ते ३०० मध्ये मध्यम आणि ३०० च्या वर गेली तर आजारपणाची शक्यता बरीच वाढते, असे त्यांनी मांडले.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक गृहस्थ यंदा निवृत्त झाले (४५). पत्नीला मधुमेहाचा त्रास सुरू झाला (४४). पगार जाऊन पेन्शन आली, म्हणजे आर्थिक स्थिती बदलली (३८). मुलगी सासरी गेली (२९). बेरीज १५६ झाली. त्यात त्यांनी घर काढले, तर मोठे कर्ज (३१), राहणीमानातील बदल (२५) आणि जागा बदलणे (२०) हे आणखी ७६ गुण वाढून आकडा २३२ वर जातो. आधीची चारही कारणे टाळता येण्यासारखी नव्हती. पुढे ढकलता येण्याजोगे एकच होते, ते म्हणजे घर. हे गुण म्हणजे काही भविष्य नव्हे. २३२ गुणांचा माणूसही ठणठणीत राहू शकतो. पण ओझे किती झाले हे त्यावरून कळते.

ताण नुसता मनात राहत नाही. झोप उडते, रक्तदाब व साखर वाढते, पित्त उसळते, चिडचिड होते. साइटवर दिवसभर उभे राहणाऱ्याचे जेवण आणि गोळ्या यांची वेळ चुकते. आपल्या भागात त्यात खर्ऱ्याची भर पडते. मिस्त्री आला नाही की एक पुडी, रेतीचा ट्रक अडला की दुसरी. घरातील बाईच्या ताणाची तर मोजदादच नसते. मजुरांचा चहा, पाहुण्यांची ये-जा, आजाऱ्याचे पथ्य हे सारे तिच्याच अंगावर येते आणि घर काढायचे की नाही, हे तिला शेवटी कळते. म्हातारी माणसे ओळखीच्या खोलीतून हलवली की कधी कधी गोंधळतात, रात्री रस्ता चुकतात. त्यांचाही विचार व्हावा.

चंद्रपूर-गडचिरोलीचे हवामान या कामाला आणखी कठीण करते. पावसाळ्याआधी स्लॅब पडला पाहिजे म्हणून घाई होते ती नेमकी एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत आणि त्याच्याही वर जातो. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने दुपारी १२ ते ४ या वेळेत साइटवर थांबणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण आहे. पाण्याचे टाके आणि स्लॅबवर बांध घालून साचवलेले पाणी यांत डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून टाके आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून घासावे.

काहींना मात्र थांबण्याची मुभाच नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. जीवितहानी टळली, पण आजूबाजूच्या कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली. कोळसा खाणींसाठी गाव उठले किंवा पुरात भिंती पडल्या, तरी हीच स्थिती होते. घरकुलाचे हप्तेही बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात, तेव्हा काम लांबवून चालत नाही. अशा कुटुंबांना ‘घाई करू नका’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. त्यांना शेजाऱ्यांनी आणि नातलगांनी प्रत्यक्ष हात द्यावा. कोणी कागदपत्रांसाठी सोबत जावे, कोणी मुलांचे जेवण पाहावे.

ज्यांना निवड आहे त्यांनी काय करावे? घरात मृत्यू झाल्यावर वर्षश्राद्धापर्यंत मोठे कार्य काढू नये, अशी आपली रूढी आहे. तिच्यात शहाणपण आहे. दुःखात घेतलेला मोठा निर्णय पुढे डाचतो. निवृत्तीनंतरही निदान सहा महिने जाऊ द्यावेत. त्या काळात जागेचे कागद, नकाशा, मंजुरी ही टेबलावरची कामे करावीत. सिमेंट-लोखंडाचे भाव वाढतील, ही भीती खरी आहे; पण वाढलेल्या भावाची तुलना आजारपणाच्या खर्चाशीही करून पाहावी. आजारपणासाठी वेगळी रक्कम ठेवावी आणि ती स्लॅबसाठी मोडू नये. देखरेखीची जबाबदारी दोघा-तिघांत वाटावी. काम सुरू करण्यापूर्वी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी आणि पुढे दर महिन्याला तपासत राहावे.

दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, रडू येत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. छातीत दुखले, दम लागला, तर मात्र ‘ठेकेदाराचा हिशेब उरकून जातो’ असे न म्हणता लगेच रुग्णालय गाठावे.

आपल्या घरात राहण्याची इच्छा चांगलीच आहे, आणि ती पुरी व्हावी. पण नकाशा काढायला देण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि यंदा आपल्यावर आधीच काय काय येऊन पडले आहे, ते कागदावर लिहून काढावे. यादी लांबली, तर भूमिपूजन पुढच्या वर्षी करावे.