छाटणीला जाणाऱ्या बाईलाही विचारा



एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी आली, की पेठच्या पाड्यांवरून माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. कोणती काडी काढायची, कोणती फूट विरळायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं. पण चर्चासत्राचं आमंत्रण येतं ते बागाईतदाराला. बाई, यंदा या ओळीत घड कमी का, असं छाटणाऱ्या बाईला कोण विचारतो?

याच द्राक्षानं महाराष्ट्राला एक धडा दिला आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी १९६० च्या दशकात 'प्रयोग परिवार' उभा केला. तासगावकडच्या बागाईतदारांनी आपापल्या बागेत प्रयोग करायचे, नोंदी ठेवायच्या, पत्रांनी आणि भेटींनी एकमेकांना कळवायचं. पदवीची अट नव्हती. पुस्तकात याला सहभागी कृती-संशोधन म्हणतात. आपल्या भाषेत, ज्याचं काम त्यानंच तपासायचं आणि तपासून झाल्यावर काम बदलायचं. (नुसती वही भरून कपाटात ठेवली, तर ते संशोधन सरकारी झालं!) शरद जोशींनीही १९७७ मध्ये आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, कसली, हिशेब मांडला. शेती तोट्यात का, याचं उत्तर त्यांना त्या हिशेबात सापडलं.

मग पेठच्या उतारावर हे का नको? २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, आपल्या नागलीला 'श्रीअन्न' असं नाव मिळालं. नाव मिळालं, ठीक. पण राब न भाजता रोप धरतं का? आवणी किती अंतरावर करावी? पावसानं ओढ दिली तर कोणतं गावठी बी तगतं? पाड्यावरच्या म्हाताऱ्या याची उत्तरं देतात, पण दोन घरांचं एकमत होत नाही. जिथं एकमत नाही तिथंच तपासायला हवं. रोपासाठी दोन वाफे करा, एक राब भाजून, एक न भाजता. दोन्हींची रोपं शेजारशेजारच्या पट्ट्यांत लावा. किती दिवस लागले, किती माणसं, किती बी, नागली किती पायली निघाली, सगळं लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराला सांगा. पोरगंही शिकेल.

काही कार्यकर्ते म्हणतात, पोटामागं धावणाऱ्याला वही कुठली? हरकत खरी आहे. फसला तर वर्षाचं धान्य जाईल, असा प्रयोग गरिबानं करूच नये. आठ-दहा पावलांची पट्टी पुरे. फसली तरी फसल्याची नोंद राहते, शेजारच्याचं वर्ष वाचतं.

पुढच्या जिल्हा बैठकीत पहिला तास भाषणाला न देता पेठच्या वह्या वाचायला द्यावा. आणि बागेत जाणाऱ्या बायांना खरोखर बोलवायचं असेल, तर बैठक छाटणीच्या दिवसांत ठेवू नका. त्यांचा रोज बुडतो.