उत्तर चुकलं तरी चालेल

२० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिलं. जुन्नर भागात भीषण दुष्काळ होता. माणसं आणि जनावरं मरत होती, लोक गाव सोडून चालले होते. त्यातच मदतीला उतरलेल्या सत्यशोधक कार्यकर्त्यांची धरपकड झाली. सावित्रीबाई कलेक्टरसमोर गेल्या, चांगलं काम करणाऱ्यांना खोट्या आरोपाखाली का पकडलंत असं विचारलं आणि त्यांना सोडायला सांगितलं. कलेक्टरनं दुष्काळग्रस्तांसाठी ज्वारीच्या चार बैलगाड्याही पाठवल्याचं त्या पत्रात आहे.

लग्नाच्या वेळी अक्षरओळख नसलेली ही बाई तेव्हा ४६ वर्षांची होती. साहेबाला प्रश्न विचारण्याची ताकद एका दिवसात येत नाही. आधी कुणीतरी तुमचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं.

हे पत्र मला ओतूरच्याच मुलांमुळे आठवतं. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. महिन्यातले दोन रविवार ओतूरला सहावी ते आठवीच्या मुलांसोबत बसतो. बहुतेक मुलं आपल्या मोहल्ल्यातली, काही जवळच्या वाड्यांवरची ठाकर आणि महादेव कोळी. प्रश्न विचारला की यांची नजर खाली जाते. "येत नाही सर" हे उत्तर प्रश्न पूर्ण होण्याआधीच तयार असतं. वही उघडून पाहावी तर निम्म्याहून जास्त गणितं बरोबर.

मग बोलत का नाहीत? थोडं खोदलं की कारणं निघतात. आपल्या बऱ्याच घरांत दखनी बोलली जाते. पाचवीत कधीतरी "शाळा"ऐवजी "शाला" असं तोंडातून गेलेलं असतं आणि वर्ग हसलेला असतं. वाडीवरच्या मुलांचंही तेच, फक्त शब्द वेगळा. कुणाला मोठ्या भावाच्या मार्कांवरून ऐकवलेलं असतं, कुणाला आडनावावरून. घरी आल्यावर आपलीच माणसं म्हणतात, "पढके क्या करनेका?" अकरा-बारा वर्षांचं मूल यातून एक धडा पक्का शिकतं: तोंड उघडलं नाही तर कुणी हसत नाही.

या गप्प बसण्याची किंमत असते. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती केंद्रानं २०२२-२३ पासून बंद केली. आठवीत एनएमएमएसची परीक्षा मात्र आहे. तीत निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर बसता येतं. अर्ज शाळेतून भरायचा असतो. जे मूल सरांना "मला बसायचंय" असं म्हणू शकत नाही, ते परीक्षेआधीच बाद होतं. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच सुटली होती. शाळा सुटण्याआधी बऱ्याचदा बोलणं सुटलेलं असतं.

आणि आपण काय करतो? दहावी-बारावीचा निकाल लागला की सत्कार समारंभ. शाल, ट्रॉफी, पाहुण्यांची भाषणं. गुणवंतांचं कौतुक व्हायलाच हवं. पण सातवीतलं बुजलेलं मूल त्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसून इतकंच समजून घेतं की हे आपल्यासाठी नाही. "आत्मविश्वास ठेवा" असं सांगून तो येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं की "मला जमतं" हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः केलेलं काम जमल्याच्या अनुभवातून. म्हणजे भाषण नको, काम द्या. लहान, जमेल असं, पण खरं.

आमच्या गटातला सातवीचा एक मुलगा फळ्यावर गुणाकार म्हटलं की गोठायचा. वडील ओतूरच्या कांदा बाजारात हमाली करतात. एकदा मी सहज विचारलं, दहा किलो गोळ्याला अमुक भाव आणि गोल्टीला तमुक, तर इतक्या पिशव्यांचे किती? त्यानं तोंडी हिशोब केला, वर माझा पिशवीच्या वजनाचा अंदाजही दुरुस्त केला. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा असाच अभ्यास झाला. गिऱ्हाईक म्हणून विचारलेले जवळपास सगळे हिशोब त्यांनी बरोबर केले. तेच आकडे कागदावर दिले तर जेमतेम ३७ टक्के बरोबर आले. या मुलाला मी पुढच्या वेळी भावाची गणितं तयार करून इतरांना घालायला सांगितली. आता फळ्याजवळ तोच उभा असतो.

काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, थांबणं. संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. मी मनात पाचपर्यंत मोजतो.

दुसरी, आधी शेजाऱ्याला सांगणं, मग सगळ्यांना. दोघांत बोलून झालेलं वाक्य मोठ्यानं म्हणायला कमी भीती वाटते. पहिल्यांदा दखनीत म्हटलं तरी चालतं, मग तेच मराठीत.

तिसरी, चूक उघडी ठेवणं. आमच्या कामात प्रत्येकाचा कोड दुसरा तपासतो आणि रोज चुका निघतात. त्यावरून कुणाला मूर्ख ठरवत नाहीत, कोड दुरुस्त होतो. मुलांसोबतही हाच नियम: उत्तरावर बोलायचं, उत्तर देणाऱ्यावर नाही. हसणाऱ्याला पुढचा प्रश्न.

चौथी, खरे श्रोते. १८५५ मध्ये फुले यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखांविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती जेमतेम चौदा वर्षांची, म्हणजे आजच्या आठवी-नववीच्या वयाची होती. तिचं लिहिणं वहीत राहिलं नाही, लोकांनी वाचलं. आपल्या मुलांनी आजीची मुलाखत घ्यावी, मोहल्ल्यातल्या पाण्याच्या वेळा लिहून ग्रामपंचायतीला अर्ज द्यावा. कुणीतरी वाचणार आहे हे कळलं की मूल नीट लिहितं.

शाळेला सगळा दोष देणं सोपं आहे, आणि एकेका शिक्षकावर तीन-तीन वर्ग असतात हेही खरं आहे. पण कायदा आपल्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारहाणीबरोबरच मानसिक छळालाही बंदी घालतं. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्या समितीत आपल्या किती अम्मी, किती अब्बू आहेत? मुलगा वर्गात गप्प आणि बाप समितीत गैरहजर, ही एकाच गप्प बसण्याची दोन टोकं आहेत.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येक भावाला, बहिणीला तीन कामं सांगतो. तुम्ही इंजिनीअर, नर्स, दुकानदार, कॉलेजचे विद्यार्थी, कुणीही असा. आपल्या गल्लीतली सहावी ते आठवीची चार मुलं शोधा आणि पंधरा दिवसांतून दोन तास द्या. आठवीतल्या मुलासोबत शाळेत जाऊन एनएमएमएसचा अर्ज मागा, पण बोलू त्यालाच द्या. आणि समितीच्या पुढच्या निवडीच्या वेळी त्याच्या आईला सोबत घेऊन जा.