जनकपूरची गाडी आणि केरुंगचा कागद

२०२० च्या सप्टेंबर महिन्यात, कोरोनाची धास्ती ऐन भरात असताना, बिहारमधील जयनगरहून दोन नव्या कोऱ्या रेल्वेगाड्या सीमा ओलांडून जनकपुरात दाखल झाल्या. संसर्गाचे सारे इशारे बाजूला सारून रुळांच्या दुतर्फा गर्दी लोटली. गाड्या चेन्नईच्या कारखान्यात बांधलेल्या होत्या आणि नेपाळला त्या पुरविल्या होत्या आपल्या कोकण रेल्वे महामंडळाने. मैथिली बोलणाऱ्या त्या जनसमुदायाला या गाडीत परका काही वाटलेच नाही. सीतामाईच्या माहेरी सासरकडची गाडी आली, यात नवल ते काय?

ज्यांना नवल वाटले, ते काठमांडूत होते. नेपाळमधील साम्यवाद्यांनी गेली कित्येक वर्षे एक सोयीचे समीकरण मांडून ठेवले आहे: भारताने बांधलेला रूळ म्हणजे विस्तारवाद, चीनने बांधावयाचा रूळ म्हणजे समृद्धी. याच पंथाचे तत्कालीन पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये खरी अयोध्याही नेपाळातच असल्याचा शोध लावला होता. प्रभू रामचंद्रांना नेपाळी नागरिकत्व बहाल करणाऱ्यांना जनकपूरच्या रेल्वेचे मात्र फारसे अगत्य नव्हते. रेल्वे चालविण्यासाठी कायदा हवा, कर्मचारी हवेत, याची कोणतीही तजवीज न झाल्याने त्या गाड्या दीड वर्ष इनरवा स्थानकात नुसत्या उभ्या राहिल्या.

चीनच्या रेल्वेची कथा निराळी. तिबेटमधील केरुंगहून काठमांडूपर्यंत सुमारे ७२ किलोमीटरचा लोहमार्ग आणण्याचा करार २०१८ मध्ये झाला. जवळजवळ सारा मार्ग बोगद्यांतून आणि पुलांवरून जाणार, असे चिनी तज्ज्ञांच्याच प्राथमिक पाहणीत दिसून आले होते. २०१९ मध्ये शी जिनपिंग काठमांडूत येऊन गेले. सविस्तर पाहणीसाठी चिनी पथक उगवले ते २०२२ च्या डिसेंबरात. रूळ अद्याप एक मीटरही पडलेला नाही. ज्या रसुवागढीच्या बाजूने ही गाडी उतरावयाची, तेथील चीनने बांधलेला मैत्री पूल २०२५ च्या जुलैमध्ये पुरात वाहून गेला. हिमालय घोषणांना भीत नाही.

आणि आता नेपाळी माणूसही घोषणांना भुलत नाही. पोखऱ्याचा विमानतळ चिनी कर्जातून उभा राहिला, २०२३ च्या पहिल्याच दिवशी त्याचे उद्घाटन झाले; पण नियमित आंतरराष्ट्रीय विमानांची वाट पाहण्यातच त्याचे दिवस गेले आणि कर्ज तेवढे डोक्यावर बसले. त्यानंतर काठमांडूत एकच प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला: हे अनुदान की कर्ज? जयनगर ते कुर्था या सुमारे ३५ किलोमीटरच्या मार्गाबाबत हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तो भारताच्या अनुदानातून झाला.

तथापि, येथेच पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. केरुंगची रेल्वे काठमांडूत लोकप्रिय का झाली, याचे उत्तर २०१५ मध्ये आहे. भूकंपाने मोडलेल्या त्या देशात मधेशी आंदोलनाच्या काळात सीमेवरची मालवाहतूक थांबली. इंधन नाही, स्वयंपाकाचा गॅस नाही. कारणांची चर्चा दिल्लीत कितीही होवो, लाकडे पेटवून भात शिजविणाऱ्या गृहिणीने दोष भारतालाच दिला. साम्यवाद्यांनी पीक काढले खरे, पण जमीन नांगरून देण्यात आपलाही हात होता.

तीच गोष्ट कूर्मगतीची. राणांच्या राजवटीत, १९३७ मध्ये, या भागात अरुंद मार्गाची गाडी सुरू झाली. रुंदीकरणासाठी ती २०१४ मध्ये बंद पडली. नवी धावली २ एप्रिल २०२२ ला, नरेंद्र मोदी आणि शेर बहादुर देउबा यांनी झेंडा दाखविला तेव्हा. आठ वर्षे! या आठ वर्षांत यात्रेकरू, रुग्ण, माहेरवाशिणी साऱ्यांनी खड्ड्यांच्या रस्त्याने हाडे खिळखिळी करून घेतली. ज्या रोटीबेटी व्यवहाराचा प्रत्येक भाषणात गौरव होतो, तो करणारी माणसे हीच. त्यांनी फलाटावर आनंद केला, हा त्यांचा मोठेपणा.

२०२३ च्या जुलैमध्ये गाडी बिजलपुऱ्यापर्यंत पोहोचली. पुढे बर्दिबासपर्यंतचे अवघे १७ किलोमीटर अडकले ते मोबदल्यात. महोत्तरी जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी जमिनीचे पैसे मिळाल्याखेरीज काम होऊ देणार नाही, अशी भूमिका घेतली. यात भारतविरोध शोधणारे काही शहाणे आपल्याकडेही आहेत. कोकणातल्या शेतकऱ्याने हीच मागणी केली असती, तर त्याला कोणी चीनधार्जिणा म्हटले असते काय? मोबदला देणे हे नेपाळ सरकारचे काम आहे हे मान्य. पण अर्धवट मार्गाचा अपयश फलक भारताच्याच नावाने लागणार, हे दिल्लीतील अधिकाऱ्यांना कोणी तरी सांगावयास हवे. कोकण रेल्वेनेच पाहणी हाती घेतलेला रक्सौल-काठमांडू मार्ग अजून व्हावयाचा आहे, आणि त्या वाटेवरचा शेतकरी महोत्तरीत कोणाला किती आणि केव्हा मिळाले, हे विचारूनच आपली जमीन मोजू देईल.