यंत्र बसले, तपासणार कोण?

बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने ऑगस्ट २०२४ मध्ये सारा महाराष्ट्र हादरला. लगोलग २१ ऑगस्ट रोजी शासनाने निर्णय काढून शाळांना महिन्याभरात कॅमेरे बसविण्यास बजावले. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासावे, असेही त्यात नमूद आहे. बसविण्याच्या कलमाची चर्चा पुष्कळ झाली. तपासण्याच्या कलमाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. खरी मेख मात्र तेथेच आहे.

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी असे यंत्र शाळेत येते तेव्हा ‘बिनतारी’ या शब्दानेच पहिली दिशाभूल होते. बिनतारी असते ते केवळ चित्राचे वहन. विजेची तार कॅमेऱ्याला लागतेच. पडद्यावर काळा चौकोन दिसला की सारा दोष रेकॉर्डरच्या माथी मारून यवतमाळच्या तंत्रज्ञाची वाट पाहिली जाते. वस्तुतः पुष्कळदा कॅमेऱ्याचा अडॅप्टर जळालेला असतो, पिन सैल झालेली असते, किंवा कोणी राऊटरचा पासवर्ड बदलून दुसऱ्यास सांगितलेलाच नसतो. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीपेक्षा भिंतीतून बरी पार होते. पण जाड भिंती आणि लोखंडी पत्रे यांपुढे तीही थकते. कॅमेरा काढून राऊटरपाशी आणून लावावा. तेथे चित्र उमटले, तर कॅमेरा निर्दोष आहे, वाट अडलेली आहे, एवढा निवाडा दहावीचा विद्यार्थीही करू शकेल.

काळा चौकोन निदान बोलतो तरी. अधिक घातक तो दोष, जो दिसतच नाही. पडद्यावर चित्र हलत असते, सर्वजण निश्चिंत असतात, आणि आत हार्ड डिस्क केव्हाच निकामी झालेली असते. ती धड असली तरी तिची स्मृती किती? प्रत्येक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने अखंड चित्रण करीत असेल, तर चार कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे ८६ गिगाबाइट होतात. एक टेराबाइटची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते व जुने पुसून त्यावर नवे लिहू लागते. भेदरलेले मूल घरी तोंड उघडते ते कधी कधी तीन आठवड्यांनी. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी पोलीस ठाण्यांसाठी किमान एक वर्षाचे चित्रण जपण्याचा दंडक घातला. याच हिशेबाने चार कॅमेऱ्यांना त्यासाठी एकतीस टेराबाइटहून अधिक जागा लागेल. शाळेच्या खरेदीपत्रकात हा हिशेब कोणी मांडतो काय?

तीच गोष्ट घड्याळाची. रेकॉर्डरमधील नाण्याएवढा सेल संपला आणि वीज गेली की तारीख भलत्याच वर्षी जाऊन बसते. इंटरनेटची जोड नसेल, तर ती आपोआप सुधारत नाही. तारीख-वेळेचे मोल जालन्याने पाहिले आहे. तेथील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रणावर येऊन ठेपला व थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ यंत्र हजर केले नसेल, तर चित्रणासोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय १४ जुलै २०२० रोजी झाला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने ते प्रमाणपत्र अधिकच काटेकोर केले आहे. त्यावर तज्ज्ञाबरोबरच यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचीही स्वाक्षरी लागते, आणि त्या काळात यंत्र नीट चालू होते, असे त्याला लिहून द्यावे लागते. शाळेत ही स्वाक्षरी बहुधा मुख्याध्यापकांची असणार. आठवड्यातून तीनदा मागच्या तारखेचे चित्रण उघडून, घड्याळ पडताळून, त्याची नोंद वहीत ठेवण्याचे काम त्यांनी कोणा लिपिकाला लेखी नेमून दिले नसेल, तर न्यायालयाने वही मागितल्यावर ते काय पुढे करणार?