पंगतीत बसवून पान ओढणारे

मागच्या रविवारी आमच्याकडे चहाला आलेले एक काका म्हणाले, "त्यांचा देश, त्यांचे नियम. पटत नसेल तर बॅग भरावी आणि परत यावं. रडायचं कशाला?" विषय होता माझ्या मावसभावाचा. दादा २०२२ साली वहिनी आणि लेकीला घेऊन इंग्लंडला गेला. तिकडचा नियम सरळ होता. कुशल कामगाराच्या व्हिसावर ५ वर्षं नीट काढा, कर भरा, गुन्हा करू नका, मग कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करा. म्हणजे दादाचं २०२७.

मग मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारची श्वेतपत्रिका आली. ५ ची १० वर्षं करायचा प्रस्ताव. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचा तपशील मांडला गेला, आणि आधीच येऊन राहिलेल्यांनाही हेच लावायचा मानस त्यात होता. वर्षाला ५०,२७० पौंडांच्या वर कमावणाऱ्यांना सूट सुचवली होती, पण दादाचा पगार त्या रेषेच्या खाली. वहिनीने फोनवर एवढंच विचारलं, "म्हणजे आम्ही अर्ध्यातून पुन्हा शून्यावर का रे?"

आता काकांच्या मुद्द्याकडे येतो. नियम बदलायचा हक्क त्या देशाला आहे का? आहे, शंभर टक्के आहे. उद्या त्यांनी सांगितलं की नवीन माणूस घेणारच नाही, तरी माझी तक्रार नाही. ज्याला जायचं तो विचार करून जाईल किंवा जाणार नाही. पण आमंत्रण देऊन पंगतीला बसवायचं, पान वाढायचं, आणि पाहुण्याने घास हातात घेतला की पान ओढून म्हणायचं, "आजपासून जेवणाचे नियम बदलले"? ह्याला हक्क म्हणत नाहीत. साध्या मराठीत ह्याला शब्द फिरवणं म्हणतात.

आणि हे पहिल्यांदा होत नाहीये, म्हणून तर जास्त राग येतो.

जानेवारी २००२ मध्ये ब्रिटनने 'हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्राम' सुरू केला. हातात नोकरी नसली तरी शिक्षण, अनुभव, कमाई ह्यांच्या गुणांवर या म्हणाले. आपले डॉक्टर, इंजिनिअर, अकाउंटंट हजारोंनी गेले. अट काय होती माहितीये? ब्रिटन हेच आपलं मुख्य घर करायचा इरादा आहे, असं लिहून द्यायचं. लोकांनी लिहून दिलं आणि तसं वागलेही. इथल्या नोकऱ्या सोडल्या, घरं विकली, मुलं तिकडच्या शाळांत घातली.

एप्रिल २००६ मध्ये कायम वास्तव्याची मुदत ४ वर्षांवरून ५ झाली, आधी आलेल्यांसाठीसुद्धा. नोव्हेंबर २००६ मध्ये गुणांची पद्धतच बदलली. कामाच्या अनुभवाचे गुण गेले, भर आला पदवी, कमाई आणि वयावर. व्हिसा वाढवायला जावं तर नवीन परीक्षा! ज्या अनुभवाच्या जोरावर बोलावलं, तोच आता शून्य. वय वाढलं म्हणून गुण कमी. वय न वाढवता ४ वर्षं कशी काढायची ते मात्र कुणी सांगितलं नाही.

ह्या लोकांनी बॅगा भरल्या नाहीत. 'एचएसएमपी फोरम' नावाची संघटना काढली आणि कोर्टात गेले. २००७ मध्ये ब्रिटिश संसदेच्याच मानवी हक्क समितीने हे बदल अन्यायाचे ठरवले. ८ एप्रिल २००८ ला हायकोर्टाने निकाल दिला की आधी आलेल्यांना नवीन निकष लावणं बेकायदेशीर आहे. ४ च्या ५ वर्षांचं प्रकरण वेगळं लढावं लागलं. ते एप्रिल २००९ मध्ये जिंकले. म्हणजे काका, "त्यांचा देश, त्यांचे नियम" असं त्यांच्याच न्यायाधीशांना वाटलं नाही!

पुढे २०१९ ची गोष्ट. करविवरण आणि व्हिसा अर्जातल्या उत्पन्नात फरक दिसला की कित्येकांना अप्रामाणिक ठरवून कायम वास्तव्य नाकारलं जात होतं. काहींनी खरंच लबाडी केली असेल, पण काहींची चूक हिशेबाची होती. अपील कोर्टाने बजावलं, माणसाला अप्रामाणिक म्हणण्याआधी त्याचं म्हणणं मांडायची संधी द्या. इतकी साधी गोष्ट सांगायला कोर्ट लागलं.

आमच्या धंद्यात एक शिस्त असते. चालू सिस्टीमवर ग्राहक असताना नियम बदलायचा असेल तर जुन्या ग्राहकांना जुन्या करारावर चालू द्यायचं, नवीन नियम नवीन लोकांना. हे न करता शुक्रवारी संध्याकाळी बदल ढकलून घरी जाणाऱ्या इंजिनिअरला सोमवारी मॅनेजर काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सॉफ्टवेअरला जी माया दाखवतो ती माणसांच्या आयुष्याला नको?

थोडा हिशेब पण करू. तिकडे व्हिसावरच्या माणसाला करापलीकडे आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासूनचा दर मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६. दादाच्या तिघांचे वर्षाला २,८४६. तोच दर धरला तर वाढीव ५ वर्षांचे १४,२३० पौंड. व्हिसाची फी वेगळी. हे पैसे कुणी फुकट खाणारा पाहुणा भरतोय का?

"परत यावं" म्हणणं सोपं आहे. दादा कदाचित येईलही, त्याला इथे नोकरी मिळेल. पण त्याची लेक ४ वर्षं तिकडच्या शाळेत आहे, मराठी बोलते पण वाचत नाही. तिने कुठला नियम मोडला? आणि १० वर्षं थांबायचं हे आधी सांगितलं असतं, तर दादा गेलाही नसता कदाचित. तो निर्णय त्याला विचारपूर्वक घेता आला असता, मुद्दा तेवढाच आहे.

काकांना मी हे सगळं बोललो नाही, आई डोळे वटारत होती. शेवटी एकच विचारलं: बँकेतून निवृत्त व्हायला १ वर्ष उरलं असताना पेन्शनसाठी अजून ५ वर्षं नोकरी करा म्हणाले असते, तर तुम्ही काय केलं असतं?

काका म्हणाले, "युनियनकडे गेलो असतो."

मग दादाने पण तेच करावं, नाही का?