चुकांसकट आवडलेली मालिका

‘डार्क शॅडोज’ या जुन्या अमेरिकन मालिकेचे चाहते एकत्र जमले, की गप्पांना तोंड फुटतं ते बहुधा तिच्या चुकांवरून. ऐन भीतीच्या क्षणी भिंतीवर माइकची लांबुडकी सावली पडते. स्मशानातलं दगडी थडगं कुणाचा धक्का लागला की डुगडुगतं. गंभीर प्रसंग रंगात आलेला असताना नटाच्या चेहऱ्यावर माशी येऊन बसते आणि तो बिचारा पापणीही न हलवता संवाद म्हणत राहतो. शेवटी नावं सरकू लागतात, तेव्हा मागून कुणीतरी आरामात चालत जातं. या फजित्या चाहत्यांना तोंडपाठ असतात. त्या सांगताना त्यांचा सूर मात्र टिंगलीचा नसतो. घरातल्या एखाद्या आजोबांच्या लकबी सांगाव्यात तसा असतो.

या जिव्हाळ्याला ‘जुनं ते सोनं’ असं म्हणून मोकळं होता येतं. बालपणीची मालिका, म्हणून आवडते, संपला विषय. पण त्या काळात दुपारच्या वेळी लागणाऱ्या इतर डझनावारी मालिकांची आज कुणाला आठवणही नाही. ही का टिकली, याचं उत्तर बालपणात सापडत नाही. ते मालिकेच्या स्वभावात आहे.

२७ जून १९६६ रोजी ‘एबीसी’ वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. निर्माता डॅन कर्टिस. आगगाडीतून एकटीच प्रवास करणारी एक तरुणी त्याला स्वप्नात दिसली आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असं तो सांगत असे. मालिकेची सुरुवातही तशीच होते. अनाथाश्रमात वाढलेली व्हिक्टोरिया विंटर्स मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट या समुद्रकाठच्या काल्पनिक गावी येते, कॉलिन्स घराण्याच्या अवाढव्य वाड्यात लहानग्या डेव्हिडची शिक्षिका म्हणून. वाड्याची मालकीण एलिझाबेथ अठरा वर्षं घराबाहेर पडलेली नाही. ही भूमिका करत होती जोन बेनेट, हॉलिवूडच्या चाळीसच्या दशकातली नामवंत नायिका.

सुरुवातीचे महिने सगळा मामला कौटुंबिक गुपितांचा होता. प्रेक्षक जमेनात, तेव्हा हळूहळू भुतं आली. डेव्हिडची आई परत आली आणि ती अग्नीतून पुन्हा पुन्हा जन्म घेणारी फिनिक्स निघाली. तरीही मालिका तगेल की नाही, याची शाश्वती नव्हती. मग कर्टिसने ठरवलं, बुडायचंच असेल तर हातचं न राखता बुडू.

एप्रिल १९६७ मधला २१०वा भाग चाहते आजही डोळ्यांसमोर उभा करून सांगतात. विली लूमिस नावाचा एक भुरटा कॉलिन्स घराण्याच्या थडग्यात दागिने पुरलेत अशा समजुतीने रात्री आत शिरतो. एक गुप्त खोली उघडते. आत साखळदंडांनी जखडलेली शवपेटी. दागिन्यांच्या आशेने तो साखळ्या तोडतो, झाकण उचलतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा पकडतो. भाग संपला. तो हात ज्याच्यामुळे पुढे मालिका गाजली त्या नटाचा नव्हताच, दुसऱ्याच एकाचा होता. दुसऱ्या दिवशी वाड्याच्या दारावर टकटक झाली. बाहेर केप पांघरलेला, लांडग्याच्या डोक्याची मूठ असलेली काठी घेतलेला एक अदबशीर गृहस्थ उभा होता. इंग्लंडहून आलेला दूरचा भाऊ, अशी त्याने ओळख करून दिली. नाव बार्नबस कॉलिन्स. शवपेटीतून सुटलेला व्हॅम्पायर तो हाच.

बार्नबस झालेला जोनाथन फ्रिड हा कॅनडातला रंगभूमीवरचा नट. लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत शिकलेला, शेक्सपिअरमध्ये मुरलेला, वय बेचाळीस. हे काम काही आठवड्यांचं आहे, या हिशेबाने त्याने ते घेतलं. मात्र रोज नवी संहिता पाठ करणं त्याला जड जाई. संवाद विसरण्याच्या धास्तीने त्याची नजर पुढच्या फलकावरचा मजकूर शोधत भिरभिरे. प्रेक्षकांना वाटे, काय ही व्हॅम्पायरच्या मनातली तगमग! नटाची खरी घालमेल आणि पात्राची घालमेल अशी एकजीव झाली. पाहुणा म्हणून आलेला बार्नबस मालिकेचा यजमान होऊन बसला.

शाळा सुटली की धावत घरी जाऊन ‘डार्क शॅडोज’ लावायची, ही त्या पिढीतल्या लाखो अमेरिकन मुलांची आठवण आहे. जाहिरातदारांनी ती वेळ गृहिणींसाठी मोजली होती. पडद्यासमोर मुलंही येऊन बसली. फुगवायच्या च्युइंगगमबरोबरची चित्रं, कॉमिक्स, पटावरचे खेळ, कादंबऱ्यांची मालिका असं सगळं बाजारात आलं. रॉबर्ट कोबर्टच्या संगीतातली एक वॉल्ट्झ, ‘क्वेंटिन्स थीम’, १९६९ मध्ये बिलबोर्डच्या यादीत १३व्या क्रमांकापर्यंत चढली.

पण बार्नबस नुसता भीतिदायक असता, तर दोन महिन्यांत शिळा झाला असता. नोव्हेंबर १९६७ मध्ये लेखकांनी एक धाडस केलं. एका प्रेतात्म्याला बोलावण्याच्या बैठकीतून व्हिक्टोरिया थेट १७९५ सालात जाऊन पडते. पुढचे काही महिने मालिका त्याच काळात राहते. कलाकार तेच, पात्रं वेगळी. तिथे बार्नबस एक प्रेमळ तरुण आहे. त्याचं लग्न मार्टिनिकच्या जोसेटशी ठरलंय. तिची दासी अँजेलिक चेटकीण आहे, तिचा बार्नबसवर जीव आहे आणि त्याने झिडकारल्यावर ती त्याला व्हॅम्पायर होण्याचा शाप देते. जोसेट कड्यावरून उडी घेते. मुलाला कायमचं संपवण्याचा धीर बापाला होत नाही, म्हणून तो त्याला पेटीत साखळ्यांनी बांधून ठेवतो. विलीने लोभापायी तोडलेल्या साखळ्या बापाच्या मायेच्या होत्या, हे प्रेक्षकाला कित्येक महिन्यांनी कळतं. रोजच्या मालिकेनेच देता येईल असा हा धक्का आहे. दोन तासांच्या चित्रपटाला तेवढा अवधीच नसतो.

चाहत्यांच्या बोलण्यात डॉक्टर ज्युलिया हॉफमन हटकून येते. ग्रेसन हॉल या ऑस्कर नामांकन मिळालेल्या अभिनेत्रीने ती उभी केली. ज्युलिया बार्नबसचं गुपित ओळखते, इंजेक्शनं देऊन त्याला माणसात आणायला बघते आणि त्याच्या प्रेमात पडते. तो तिच्यावर विसंबतो, तिच्याशी वाद घालतो, तिला सगळं सांगतो. पण त्याचं मन जोसेटमध्येच अडकलेलं. ज्युलियाच्या बाजूने भांडणारे चाहते आजही कमी नाहीत.

ही मालिका घडायची कशी, ते समजल्याशिवाय तिच्या चुकांवरचं प्रेमही समजत नाही. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत सकाळी तालीम आणि दुपारी चित्रीकरण, आठवड्याचे पाच भाग. व्हिडिओ टेप कापून जोडणं महाग आणि कटकटीचं, त्यामुळे आभाळ कोसळल्याखेरीज चित्रीकरण थांबत नसे. नट अडखळला तर त्यानेच सावरायचं, दार उघडलं नाही तर खिडकीकडे वळायचं. एका कलाकाराने १७९५ सालातला नोकर, पुढे प्राध्यापक, मग आणखी कुणी अशा भूमिका करायच्या. हा सगळा कारभार फिरत्या नाटक कंपनीचा होता. कथाही त्यांनी बिनदिक्कत उसन्या घेतल्या: फ्रँकनस्टाइन, जेकिल आणि हाइड, डोरियन ग्रेचं चित्र, हेन्री जेम्सची भूतकथा. लुटूपुटूचे पडदे, चिमटीएवढं बजेट; पण एकही नट प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. रबरी वटवाघूळ दोरीला लटकत आलं, तरी समोरचा माणूस जीव तोडून घाबरतो.

हे गांभीर्य नंतरच्या अवतारांना जमलं नाही. १९९१ मध्ये कर्टिसनेच ‘एनबीसी’साठी नवी मालिका केली. बेन क्रॉस हा बार्नबस झाला, कपडेपट देखणा, प्रकाशयोजना रेखीव. आखाती युद्धाच्या बातम्यांनी तिची वेळ वारंवार हुकली आणि बारा भागांत ती आटोपली. आठवड्यातून एकदा येणाऱ्या या पाहुण्याला घरात मुरायला वेळच मिळाला नाही. २०१२ मध्ये टिम बर्टनने चित्रपट काढला. त्यातला जॉनी डेप हा लहानपणापासूनचा बार्नबसभक्त. तरीही चित्रपटाने निवडला तो विनोदाचा रस्ता: दोनशे वर्षांनी जागा झालेला सरदार १९७२ सालच्या अमेरिकेत कसा गोंधळतो, याच्या गमती. मूळ संचातले फ्रिड, लारा पार्कर, डेव्हिड सेल्बी आणि कॅथरिन ली स्कॉट मेजवानीच्या दृश्यात क्षणभर दिसतात. चित्रपट मे महिन्यात लागला. फ्रिड एप्रिलमध्येच गेला होता. पैसा आणि प्रेम दोन्ही होतं, तरी जुन्या चाहत्यांना तो चित्रपट फारसा आपला वाटला नाही. मूळ मालिका चुकून हसवायची. चित्रपट ठरवून हसवतो.

जुनी मालिका निर्दोष होती, असं कुणी म्हणू नये. तिचे कितीतरी भाग एकाच खोलीत, कालचीच माहिती पुन्हा सांगण्यात जातात. कथानकं मध्येच सुटतात. व्हिक्टोरियाचे आईवडील कोण, हा पहिल्या भागातला प्रश्न होता. तो पडद्यावर कधीच सुटला नाही आणि व्हिक्टोरियाची भूमिका करणारी अलेक्झांड्रा मोल्टके १९६८ मध्ये मालिका सोडून गेली. एलिझाबेथच व्हिक्टोरियाची आई, असा बहुतेक चाहत्यांचा कौल आहे. अर्धवट राहिलेल्या गोष्टीनेच पन्नास वर्षं गप्पांना विषय पुरवलाय. शेवटाचंही तेच. २ एप्रिल १९७१ च्या अखेरच्या भागात बार्नबस नाहीच. फ्रिड त्यात एका समांतर काळातलं वेगळंच पात्र करतो आणि पुढे कुणाचं काय झालं, ते एक निवेदक दोन-चार वाक्यांत सांगून टाकतो. लाडक्या नायकाला निरोप द्यायचा राहून गेल्याची रुखरुख चाहत्यांना आजही आहे.

मालिका बंद पडली, पण टेप पुसल्या गेल्या नाहीत. ही मोठीच गोष्ट म्हटली पाहिजे. त्या काळात टेप पुसून पुन्हा वापरण्याची सर्रास पद्धत होती. ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच गेले. ‘डार्क शॅडोज’च्या १२२५ भागांपैकी फक्त एक हरवला आणि त्याचाही आवाज एका प्रेक्षकाने घरी ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. त्यावरून तो भाग नव्याने जुळवता आला. पुनःप्रक्षेपण सत्तरच्या दशकात सुरू झालं, १९८३ पासून चाहत्यांचे महोत्सव भरू लागले. कॅथरिन ली स्कॉटने प्रकाशनसंस्था काढून मालिकेच्या आठवणींची पुस्तकं छापली, लारा पार्करने अँजेलिकवर कादंबरी लिहिली. २०१२ मध्ये १३१ डीव्हीडींचा संपूर्ण संच शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात विकायला आला.

आजच्या मालिकांकडे डुगडुगणारी थडगी नाहीत. चुका संगणकावर पुसता येतात, संगीत प्रत्येक धक्क्याआधी ढोल बडवून सूचना देतं आणि भयकथा सांगणाऱ्यालाच आपल्या कथेची लाज वाटत असल्यासारखा मध्येच एक विनोद येतो. ‘डार्क शॅडोज’ने याच्या बरोबर उलट केलं आणि ती टिकली. तेव्हा तिच्या चाहत्यांना भाबडे ठरवण्याआधी तिचे आठ-दहा भाग पाहावेत. सुरुवात पहिल्यापासून नको, कंटाळा येईल. २१०व्या भागापासून करावी. पुढे गोडी लागलीच तर हिशेब सोपा आहे: रोज एक भाग पाहिला, तरी संपूर्ण मालिका संपायला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो.